गोमंतकाचे भाऊसाहेब : कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर

देवळाचा जीर्णोद्धार हे एकट्यादुकट्याचे काम नसते. कोणी द्रव्य देतो, कोणी चिरे वाहतो, कोणी आठ दिवस अंगमेहनत करतो, तेव्हा कुठे शिखरावर कळस चढतो. गोमंतकाच्या सार्वजनिक जीवनाचा जीर्णोद्धारही असाच अनेकांच्या हातांनी झाला. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात या कामाची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती, ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, अवघ्या गोमंतकाचे भाऊसाहेब. देवस्थाने, शाळा, वाचनालये आणि नाट्यमंडळे यांना मुक्त हस्ताने साहाय्य करणाऱ्या या दानशूर पुरुषाचे स्मरण जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी करणे उचितच होय.

जन्म आणि बालपण

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे हा नव्या काबिजादीतील महाल. या भागातील बहुसंख्य वस्ती हिंदू, उपजीविका शेतीवर, आणि जमीन मात्र मोजक्या भाटकारांच्या ताब्यात. कसणारा कूळ होता, भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार होता. मालकाची मर्जी फिरली तर डोक्यावरचे छप्परही जायचे, अशी त्या काळची स्थिती होती.

भाऊसाहेब ज्या समाजात जन्मले तो गोमंतक मराठा समाज. या समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानांच्या सेवेशी बांधलेली होती. गायन, वादन, नृत्य या कला त्यांनी देवळांच्या आश्रयाने जोपासल्या आणि महाराष्ट्र-गोमंतकाला मोठमोठे कलावंत दिले. परंतु देवाची सेवा करणाऱ्या या माणसांना समाजात मानाचे स्थान मात्र मिळत नव्हते. देवळाच्या आवारात आयुष्य घालवूनही पंक्तीत आणि मानपानात त्यांना दूर ठेवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजात सुधारणेचे वारे वाहू लागले. शिक्षण, विवाह आणि स्वाभिमानाचे जीवन यांसाठी समाजधुरिणांनी चळवळ उभारली. त्या जागृतीच्या काळातच भाऊसाहेबांचे बालपण गेले. गरिबीचे चटके आणि हीन लेखले जाण्याचे दुःख त्यांना लहानपणीच कळले.

उद्योग आणि दातृत्व

शालेय शिक्षण फार झाले नाही. पोट भरण्यासाठी लवकरच धडपड सुरू करावी लागली. लहानसहान व्यवसाय करीत ते खाण उद्योगाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिज आणि मँगनीज यांना परदेशात, विशेषतः जपानमध्ये, मोठी मागणी आली. डोंगरातला माल नदीकाठी आणायचा, बार्जमधून मुरगाव बंदरात पोहोचवायचा आणि बोटीवर चढवायचा, असा तो उद्योग होता. धाडस, मेहनत आणि माणसे जोडण्याची हातोटी यांच्या बळावर भाऊसाहेब थोड्याच वर्षांत गोव्यातील नामांकित खाणमालकांत गणले जाऊ लागले.

लक्ष्मी प्रसन्न झाली तरी मागील दिवस ते विसरले नाहीत. गावोगावच्या मराठी शाळा पोर्तुगीज अमदानीत लोकांच्या वर्गणीवर चालत. कोणाला मास्तरांच्या पगाराची चिंता असे, कोणाला छपराची. अशा संस्थांचे चालक भाऊसाहेबांच्या दारी गेले आणि रिकाम्या हाताने परतले असे सहसा घडत नसे. गरजू विद्यार्थी, आजारी माणसे, लग्नकार्याने गांजलेली कुटुंबे, देवळांच्या समित्या, साऱ्यांचाच तेथे राबता असे. राजकारणात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले होते ते या दातृत्वामुळे.

लोकांच्या राज्याचा पहिला दिवस

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता गेली. पुढे गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशासाठी ३० सभासदांची विधानसभा स्थापन करण्याचे ठरले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे आणि बहुजन समाजाच्या हाती सत्ता यावी, हे ध्येय घेऊन १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. त्याचे नेतृत्व भाऊसाहेबांकडे आले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाने गोव्याचे वेगळे अस्तित्व राखण्याची बाजू घेतली. तिसरा पक्ष होता काँग्रेस. देशभर राज्य करणाऱ्या या पक्षाला गोव्यातही आपलीच सरशी होईल असा विश्वास होता.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. ज्यांनी आजवर भाटकारापुढे मान वर केली नव्हती अशी माणसे सिंहाच्या निशाणीवर शिक्का मारून आली. निकाल लागले तेव्हा गोव्यातील २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नव्हती. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या आणि बहुमत भाऊसाहेबांच्या बाजूला आले. स्वतः भाऊसाहेब या निवडणुकीस उभे नव्हते. तरीही नेतेपदाची माळ त्यांच्याच गळ्यात पडली, आणि २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. नंतर मडकई मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्या पहिल्या छोटेखानी मंत्रिमंडळात विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे सहकारी होते. हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाजांचा सहभाग त्यात होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

शाळा आणि कुळे

मुख्यमंत्री या नात्याने भाऊसाहेबांनी दोन गोष्टी विशेष मनावर घेतल्या. पहिली शिक्षण आणि दुसरी कुळांचे संरक्षण.

१९६१ च्या जनगणनेत या प्रदेशातील शंभर माणसांपैकी सुमारे ३१ जणांनाच लिहिता-वाचता येत होते. भाऊसाहेबांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा लावला. इमारत मिळेपर्यंत थांबायचे नाही, देवळाचा मंडप असो की एखाद्या घराची ओसरी, तेथे वर्ग भरवायचा, असे अनेक ठिकाणी घडले. प्राथमिक शाळांपाठोपाठ ग्रामीण भागात माध्यमिक विद्यालयेही वाढू लागली. ज्या घरात कधी पाटी आली नव्हती त्या घरातील मुले, आणि मुलीसुद्धा, शाळेच्या वाटेला लागली. १९७१ च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे ४५ पर्यंत गेले. या शाळांतून शिकलेली पिढी पुढे शिक्षक, कारकून, परिचारिका, अभियंते आणि डॉक्टर झाली.

दुसरे कार्य कुळांचे. १९६४ साली शेतजमिनीच्या कूळवहिवाटीचा कायदा करण्यात आला. त्यापूर्वी पिकाचा मोठा हिस्सा, कित्येक ठिकाणी निम्मा, मालकाच्या घरी जात असे. नव्या कायद्याने खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एक षष्ठांशावर आणली आणि मन मानेल तेव्हा कुळाला काढून टाकण्याला आळा घातला. कायदा झाला म्हणून सारे प्रश्न सुटले नाहीत. कागदोपत्री नोंदी नसलेली कुळे पुष्कळ होती आणि मालकाविरुद्ध कचेरीत जाण्याचे धैर्य सर्वांना नव्हते. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याची दुरुस्ती भाऊसाहेबांच्या हयातीत होऊ शकली नाही. ती १९७६ साली त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदाही त्यांच्याच काळातला. त्या मार्गावरचे पहिले पाऊल मात्र १९६४ चे होते. स्वतः धनिक असूनही धनिकांच्या हितसंबंधांना हात घालणारा कायदा भाऊसाहेबांनी आणला, यातच त्यांचे मोठेपण आहे.

जनमताचा कौल

विलीनीकरण हे भाऊसाहेबांच्या पक्षाचे मुख्य ध्येय. या एका प्रश्नावर गोमंतकीय समाज दुभंगला होता. महाराष्ट्रात गेल्याने आपली भाषा आणि संस्कृती यांचे रक्षण होईल असे एका बाजूला वाटे. मोठ्या राज्यात आपले छोटे गोवे हरवून जाईल, कोकणी मागे पडेल, अशी भीती दुसऱ्या बाजूला वाटे. प्रशासन चालविण्यासाठी महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेल्या अधिकाऱ्यांमुळेही गोव्यात नाराजी होती, आणि ती केवळ विरोधकांपुरती मर्यादित नव्हती.

शेवटी केंद्र सरकारने हा प्रश्न जनतेवर सोपविला. मतदान निःपक्ष वातावरणात व्हावे म्हणून सरकार दूर व्हावे, अशी मागणी झाली. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश कायम ठेवण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. शंभरातील ८० हून अधिक मतदारांनी मतदान केले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला.

ज्या ध्येयासाठी पक्ष काढला, ज्यासाठी सत्ता सोडली, तेच ध्येय हरले. एखादा माणूस अशा वेळी खचून घरी बसला असता, किंवा लोकांवर रागावला असता. परंतु कौल म्हणजे काय हे गोमंतकीय माणसाला सांगावे लागत नाही. देवापुढे कौल लावला की तो मनासारखा मिळो वा न मिळो, मानावाच लागतो. भाऊसाहेबांनी जनतेचा कौल मानला आणि ते पुन्हा लोकांपुढे गेले. मार्च १९६७ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन परत सत्तेवर आणले. विलीनीकरणाला नकार देणाऱ्या त्याच गोव्याने सुमारे दहा आठवड्यांनी भाऊसाहेबांना होकार दिला. शाळा, कुळांचे संरक्षण आणि दीनदुबळ्यांना मिळालेला मान यांची किंमत जनतेने ओळखली होती, असाच याचा अर्थ होतो.

विकासाची वर्षे

१९६७ नंतरचा काळ विधायक कार्याचा होता. पणजी आणि पर्वरी यांच्या दरम्यान मांडवी नदीवर पूल झाला आणि १९७० साली तो रहदारीस खुला झाला. फेरीबोटीची वाट पाहत काठावर तिष्ठणाऱ्या उत्तरेकडील लोकांचा वनवास संपला. (हा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पुढे नवे पूल उभारले गेले.) झुआरीनगरचा खत कारखानाही याच कालखंडात उभा राहिला. खेड्यांतून रस्ते आणि वीज पोहोचू लागली.

कला आणि क्रीडा हे भाऊसाहेबांच्या विशेष आवडीचे विषय. ज्या समाजाने संगीत आणि नाट्य यांची शतकानुशतके सेवा केली, त्याच समाजातील मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने १९७० साली कला अकादमी स्थापन झाली, हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे. देवळाच्या मंडपातील कलेला तिच्यामुळे राजमान्यता मिळाली. फुटबॉल आणि क्रिकेट यांचे त्यांना वेड होते आणि शिकारीचाही षोक होता. त्यांच्या नावाने १९७० साली सुरू झालेल्या सुवर्णचषक स्पर्धेने गोव्याच्या फुटबॉलला देशाबाहेरचे संघ पाहण्याची संधी दिली.

राजकारणाची वाट मात्र निष्कंटक नव्हती. १९७० साली पक्षातील काही आमदारांनीच बंड केले. कारभार एकहाती चालतो, सहकाऱ्यांना विचारले जात नाही, अशी तक्रार होती. भाऊसाहेबांचा स्वभाव निर्णय झटपट घेण्याचा आणि घेतला की मागे न हटण्याचा, त्यामुळे अशा तक्रारींना जागा राहत असे. मंत्रिमंडळ मात्र टिकले. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाला १८ जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

अखेर आणि वारसा

हे मुख्यमंत्रिपद त्यांना फार काळ लाभले नाही. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आहे. त्यांच्यानंतर शशिकलाताईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि १९७९ पर्यंत कारभार पाहिला.

३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. भाऊसाहेबांनी ज्या गोव्याचे स्वप्न पाहिले होते त्याहून हे निराळे होते, पण या राज्याचा पाया ज्या शिकलेल्या, स्वाभिमानी बहुजनांनी भक्कम केला, त्यांची जडणघडण भाऊसाहेबांच्या शाळांतून झाली होती. त्यांच्या मतांशी असहमत असलेली माणसेही हे ऋण नाकारीत नाहीत.

देवळाचे दगड नव्याने बसवणे सोपे, परंतु देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला बरोबरीने आत घेणे कठीण. भाऊसाहेबांनी हे दुसरे काम आपल्या परीने केले. जीर्णोद्धार झालेल्या देवालयात घंटेचा नाद सर्वांसाठी सारखा घुमावा, उत्सवाचा मान कष्टकऱ्याच्या घरीही तितक्याच आदराने पोहोचावा आणि दात्यांचे हात गावच्या शाळेकडेही वळावेत, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

कै. भाऊसाहेब बांदोडकर यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.