नारायण मेघाजी लोखंडे आणि जखमी कामगाराचा पगार

रविवारची सुट्टी मिळवून देणारे, एवढंच आपण मुलांना लोखंड्यांबद्दल सांगतो. मला त्यांची दुसरी एक मागणी जास्त मोलाची वाटते.

मूळ गाव आपल्याच पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर, जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मुंबईत गिरणीत नोकरी केली, १८८० पासून दीनबंधु पत्र चालवलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. निवेदनावर साडेपाच हजार सह्या झाल्या. सुट्टीसोबत त्यात होतं: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. ही मागणी मात्र तशीच राहिली, आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता लोखंडे प्लेगनेच गेले. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, राज्य कामगार विम्याचा १९४८ मध्ये.

पुनावळ्यातले कितीतरी पालक कारखान्यांत आहेत. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात असेल, तर वर्गणीची अट पूर्ण झाल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते.