एका काचेवर अख्खी रेल्वेगाडी

अशक्य वाटणारी छायाचित्रे टिपणे हाच शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्स यांचा व्यवसाय होता. १९०० साली शिकागो अँड आल्टन रेल्वेने आपल्या नव्या, देखण्या गाडीचे काम त्यांच्याकडे सोपवले. गाडी तुकड्यातुकड्यांनी टिपून प्रिंट जोडणे सोपे होते. पण सांध्यापाशी डब्यांच्या सरळ रेषा जुळत नसत, आणि कंपनीला हवे होते अखंड चित्र. लॉरेन्स यांनी मग ८ फूट लांब व साडेचार फूट रुंद काच मावेल असा कॅमेराच बांधवून घेतला.

प्लेटच्या चौकटीसह त्याचे वजन १,४०० पौंड भरले. तो हाताळायला १५ माणसे लागत. तरी वजनाहून चिवट शत्रू म्हणजे धूळ. एवढ्या मोठ्या काचेवर वाटेत कण बसणारच! त्यावरचा उपाय अजब होता. कॅमेऱ्याची पुढची फळी दारासारखी उघडून एक माणूस आत शिरे, बाहेरून भिंगावर लाल काचेची टोपी चढे आणि त्या तांबूस अंधारात तो मऊ कुंचल्याने प्लेट झटकून घेई. त्या प्लेटवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे.

अडीच मिनिटांच्या एक्स्पोजरने गाडी उमटली. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मात्र परीक्षकांचा विश्वास बसेना. फ्रेंच वकिलातीने कॅमेऱ्याची खातरजमा केल्यावरच पारितोषिक मिळाले.

पुढे १९०६ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को लॉरेन्स यांनी आकाशातून टिपले. पतंगांच्या माळेला टांगलेला तो कॅमेरा अवघ्या ४९ पौंडांचा होता.