फातिमा जिना

फातिमा जिना (३१ जुलै, १८९३ – ९ जुलै, १९६७) या मुंबईत व्यवसाय केलेल्या दंतवैद्य आणि पुढे पाकिस्तानातील राजकीय नेत्या होत्या. मोहम्मद अली जिना यांच्या त्या धाकट्या भगिनी. पाकिस्तानात त्या ‘मादर-ए-मिल्लत’ म्हणजे राष्ट्रमाता या उपाधीने ओळखल्या जातात. बंधूंच्या कीर्तीच्या छायेत त्यांचा वैद्यकीय व्यवसाय बहुधा एका वाक्यात उरकला जातो. परंतु भारतात दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

फातिमा यांचा जन्म कराचीत एका गुजराती खोजा व्यापारी कुटुंबात झाला. त्या लहान असतानाच वडील जिनाभाई पुंजा यांचे निधन झाले आणि मुंबईत बॅरिस्टरी करणारे थोरले बंधू त्यांचे पालक झाले. मुलींना इंग्रजी शाळेत, त्यातही वसतिगृहात ठेवणे नातेवाइकांच्या पचनी पडणारे नव्हते. तरीही १९०२ साली त्यांना वांद्र्याच्या कॉन्व्हेंट शाळेत आणि १९०६ साली खंडाळ्याच्या सेंट पॅट्रिक शाळेत घालण्यात आले. १९१३ मध्ये त्या सीनियर केंब्रिज परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

१९१८ साली जिनांचा रतनबाई पेटिट यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर वर्षभरात फातिमा दंतवैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्यास गेल्या. मुंबईत तेव्हा हे शिक्षण देणारे महाविद्यालयच नव्हते. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले ते १९३३ मध्ये. कलकत्त्यात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे पदवीधर डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे उपाहारगृह चालवले होते. विवाहित बहीण त्याच शहरात राहत असूनही फातिमा वसतिगृहात राहिल्या.

मुंबईतील दवाखाना

१९२३ साली फातिमा यांनी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना उघडला. जुम्मा मशिदीजवळचा हा गजबजलेला व्यापारी भाग. याखेरीज धोबी तलाव येथील नगरपालिकेच्या दवाखान्यात त्या विनामूल्य काम करीत. दातांच्या उपचारासाठी परपुरुषापुढे तोंड उघडावे लागते. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांना स्त्री दंतवैद्य मिळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्या काळच्या दंतवैद्याचे काम समजून घेण्यासाठी आजच्या स्थितीशी तुलना उपयोगी पडते. आज भारतात दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा मानल्या जातात. किडलेला दात भरणे व दाताच्या मुळातील नस काढून रूट कॅनल करणे हे एंडोडॉन्टिस्टचे काम. हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, दात हलू लागणे या तक्रारी पेरिओडॉन्टिस्ट पाहतो. वेडेवाकडे दात तारा बसवून ओळीत आणणारा तो ऑर्थोडॉन्टिस्ट. कवळी, कॅप आणि पडलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात बसवणारा तो प्रोस्थोडॉन्टिस्ट. आडवी आलेली अक्कलदाढ, मोडलेला जबडा, तोंडातील गाठी ही मुखशल्यचिकित्सकाची जबाबदारी असते. मुलांच्या दातांसाठी पेडोडॉन्टिस्ट असतो. दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला, हा घरोघरचा समज त्याला रोज खोडून काढावा लागतो. मुखरोगांचे निदान व क्ष-किरण तपासणी, रोगट ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी आणि सार्वजनिक दंत आरोग्य या उरलेल्या तीन शाखा रुग्णाला कमी परिचित आहेत. तंबाखू व सुपारीच्या सवयीमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे त्यांचे महत्त्व रूट कॅनलहून कमी मानणे चुकीचे ठरेल. दाभोळच्या रुग्णाला आज रत्नागिरी जिल्ह्यातच, खेड येथील दंत महाविद्यालयात, असे वेगवेगळे विभाग आढळतात.

१९२३ मध्ये यांतील एकही विभागणी मुंबईत रुजलेली नव्हती. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १९०० साली दात सरळ करण्याच्या विद्येची स्वतंत्र शाळा काढली होती, परंतु हिंदुस्थानात दात काढण्यापासून कवळी बसवण्यापर्यंत सर्व कामे एकाच दंतवैद्याकडे येत. कवळी व्हल्कनाइट या टणक रबराची असे. पेनिसिलिन उपलब्ध नव्हते, त्यामुळे दाढेचा पू जबड्यात उतरला तर जिवावर बेतत असे. शिवाय रस्त्यावर बसून चिमट्याने दात उपटणाऱ्यांशी स्पर्धा होतीच. दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा देशव्यापी कायदा १९४८ साली आला.

व्यवसायत्याग

२० फेब्रुवारी, १९२९ रोजी रतनबाईंचे निधन झाले. त्यानंतर फातिमा यांनी दवाखाना बंद केला आणि बंधूंचे घर व त्यांची लहान मुलगी दीना यांची जबाबदारी घेतली. त्या वेळी त्यांचे वय ३५ होते. पुन्हा त्यांनी व्यवसाय केला नाही. १९३० नंतरची काही वर्षे त्या बंधूंबरोबर लंडनमध्ये राहिल्या. परतल्यावर मुस्लिम लीगच्या महिला संघटनेत त्या काम करू लागल्या. ७ ऑगस्ट, १९४७ रोजी दोघेही दिल्लीहून कराचीस गेले.

राजकीय जीवन व मृत्यू

११ सप्टेंबर, १९४८ रोजी जिनांचे निधन झाले. त्यानंतरच्या सरकारांशी फातिमा यांचे फारसे पटले नाही. २ जानेवारी, १९६५ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत संयुक्त विरोधी पक्षांच्या वतीने त्या जनरल अयुब खान यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांचे चिन्ह कंदील होते. मतदानाचा अधिकार सामान्य जनतेला नव्हता, तर सुमारे ८०,००० निर्वाचित प्रतिनिधींना होता. त्यांचा पराभव झाला, मात्र ढाका व कराची या शहरांत त्यांना बहुमत मिळाले.

९ जुलै, १९६७ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. बंधूंच्या समाधीच्या आवारातच त्यांचे दफन करण्यात आले. बंधूंविषयी त्यांनी लिहिलेले ‘माय ब्रदर’ हे अपूर्ण पुस्तक १९८७ साली प्रकाशित झाले. लाहोरमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास आणि कराचीतील एका दंत महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.