ब्लेझ पास्कल: ज्याच्या नियमावर तुमच्या जुन्या गाडीचा ब्रेक चालतो

मालेगावाहून (आपलं वाशीमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे) मेडशी-पातूर मार्गे अकोल्याला जाताना घाट उतरावा लागतो. तिथे पेडलवर पाय ठेवला की चारही चाकांना ब्रेक लागतो. पायाचा जोर चाकापर्यंत नेतो तो बारीक नळीतला द्रव. गॅरेजमध्ये आपण त्याला ब्रेक ऑईल म्हणतो. तो कसा काम करतो, हे मोटार नावाची वस्तू नव्हती तेव्हाच एका फ्रेंच माणसाने शोधून ठेवलं होतं. आज त्याचीच ओळख करून घेऊया.

वडिलांसाठी बनवलेलं कॅल्क्युलेटर

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील गणिताचे जाणकार. त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं. पुढे वडिलांना रूआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं आणि घरात आकडेमोडीचा ढीग पडू लागला. त्यांचा त्रास वाचावा म्हणून पास्कलने १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दातेरी चाकांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. तुमच्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरचा हा पूर्वजच म्हणा ना! तब्येत मात्र त्याला कधीच साथ देत नव्हती.

डोंगरावर नेलेला पारा

हवेलाही वजन असतं का, यावर तेव्हा मोठा वाद होता. पास्कलने आपल्या मेहुण्यांना एक प्रयोग करायला सांगितला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ते पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढले. वर गेल्यावर नळीतला पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आला. म्हणजे उंचीवर हवेचा दाब कमी! आज फोनच्या हवामान ॲपमध्ये दाब हेक्टोपास्कलमध्ये दिसतो, ते नाव याच माणसाचं.

एक माणूस विरुद्ध शंभर

मग तो द्रवांकडे वळला. बंद भांड्यातल्या द्रवावर कुठेही दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम. भांड्याला दोन दट्ट्या असतील आणि एक दुसऱ्यापेक्षा शंभरपट मोठा असेल, तर छोट्या दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो. पण हे फुकट मिळत नाही. छोटा दट्ट्या भरपूर सरकतो, तेव्हा मोठा जेमतेम हलतो.

शेवटच्या वर्षी, आजारी असतानाच, त्याने पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर आणि ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. शहर बससेवेची ही सुरुवात मानली जाते. त्यातला आपला नफा गरिबांना द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. १९ ऑगस्ट १६६२ रोजी तो वारला, तेव्हा वय होतं फक्त ३९. द्रवांवरचं त्याचं पुस्तक छापून आलं ते पुढच्या वर्षी.

कारमध्ये हा नियम कसा आला?

१७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने याच नियमावर हायड्रॉलिक प्रेस बनवला. १९१७ मध्ये अमेरिकेत माल्कम लॉकहीडने हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. मुंबईच्या प्रीमिअर पद्मिनीपासून गावोगावच्या मारुती ८०० पर्यंत हीच पद्धत आहे. पेडलखालचा मास्टर सिलिंडर हा छोटा दट्ट्या, आणि चाकाजवळचे त्यापेक्षा मोठे.

नियम कुठे कमी पडतो?

हा सगळा खेळ नळीत शंभर टक्के द्रव असेल तरच चालतो. द्रव दाबला जात नाही, वाफ आणि हवा मात्र दाबली जाते. नेहमीचं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून चाकाजवळची उष्णता वाढते, ऑईल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. चाकाकडचा दट्ट्या मुळात जेमतेम सरकतो, म्हणून छोटासा बुडबुडाही पेडलची सगळी चाल खाऊन टाकतो. पेडल खाली बसतं, गाडी थांबत नाही.

तुम्ही काय कराल?

- बोनेट उघडून डबीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. कमी झाली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसतं वरून ओतून मोकळं होऊ नका.
- रंग मधासारखा असावा. काळपट झालं असेल तर बदला. रंग चांगला दिसला तरी साधारण दोन वर्षांनी बदलाच, पाणी डोळ्यांना दिसत नाही.
- डबीच्या झाकणावर लिहिलेला डॉट नंबरच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. इंजिन ऑईल तर चुकूनही नको, रबरी सील खराब होतात.
- सीलबंद बाटलीच घ्या. उघडून ठेवलेली जुनी बाटली ओलावा शोषून बसलेली असते.
- पेडल स्पंजसारखं लागत असेल किंवा दोन-तीनदा पंप मारावे लागत असतील, तर घाटात जायच्या आधी मेकॅनिककडून एअर काढून घ्या.
- उतारावर गिअर खालचा ठेवा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.