ज्ञानकोशकार केतकर आणि कीवर्डचा जुना प्रश्न

वेबसाइट सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो कीवर्ड निवडण्याचा. कीवर्ड म्हणजे वाचक सर्च इंजिनमध्ये जो शब्द टाकतो तो. आपल्याला कोणता शब्द आवडतो याला तिथे किंमत नसते, शोधणाऱ्याच्या तोंडी कोणता आहे ते पाहावं लागतं. मराठीत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळणाऱ्या माणसाने संगणक कधी पाहिलाही नव्हता. त्याचं नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. शाळा अमरावतीत, म्हणजे यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यात. पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज आणि १९०६ मध्ये अमेरिका. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर काम केलं, १९११ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि काही काळ लंडनमध्ये राहून ते भारतात परतले.

त्यानंतर त्यांनी अंगावर घेतलेलं काम पाहिलं की आजही दडपण येतं. मराठीत विश्वकोश नव्हता, तो त्यांना करायचा होता. १९१६ च्या सुमारास नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी निघाली. सरकारी मदतीची वाट न पाहता भाग विकून पैसा उभा करायचा, असा हा मामला होता. पुढे काम पुण्याला गेलं. एकूण २३ खंड झाले. पहिले पाच प्रस्तावनेचे, सहा ते एकवीस हे अकारविल्हे नोंदींचे, बाविसावा सूचीचा आणि शेवटचा हिंदुस्थानवर.

त्या सोळा खंडांतली प्रत्येक नोंद कोणत्या तरी शब्दाखाली लावायची होती. तो शब्द चुकला तर माहिती छापलेली असूनही वाचकाला सापडणार नाही. शास्त्रीय विषयात इंग्रजी शब्द ठेवायचा, संस्कृतावरून घडवायचा, की चालू मराठीतला घ्यायचा?

यवतमाळचंच उदाहरण घ्या. १९०५ पर्यंत इंग्रजी दप्तरात हा जिल्हा वणीच्या नावाने होता, त्यानंतर यवतमाळ झाला. लोक येवतमाळही म्हणत आणि लिहीत. एकच जागा, शोधायचे शब्द तीन. छापील कोशात यावर उपाय दोनच: एका नावाखाली मजकूर आणि बाकीच्यांखाली 'तिकडे पाहा', नाहीतर वेगळी सूची. केतकरांनी सूचीला एक अख्खा खंड दिला. हा खर्च काहींना उधळपट्टी वाटला असता. माझ्या मते त्याशिवाय बाकीचे खंड अर्धे मुके राहिले असते.

आज यवतमाळच्या शेतकऱ्यांसाठी वेबसाइट काढणाऱ्यापुढे हेच येतं. पुस्तकात 'कापूस', वऱ्हाडीत 'पऱ्हाटी', आणि मोबाइलवर कित्येक जण रोमन अक्षरांत टाइप करतात. शिवाय नुसता 'कापूस' हा शब्द फार पसरट आहे. भाव हवा की बियाणं, की कीड, काहीच कळत नाही, आणि त्या शब्दावर मोठ्या वेबसाइटशी स्पर्धा करावी लागते. 'गुलाबी बोंडअळी उपाय' शोधणारे कमी असतील, पण त्यांना काय हवं ते स्पष्ट असतं. छोट्या वेबसाइटने तिथूनच सुरुवात करावी. मजकुरात मात्र 'पऱ्हाटी'ही सहजपणे यावी. तोच शब्द दहादा कोंबला तर वाचकही पळतो आणि सर्च इंजिनही ते पान मागे टाकतं.

केतकर कोशापुरते थांबले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी एडिथ कोहन या ज्यू विदुषीशी विवाह केला. त्या पुढे शीलवती केतकर म्हणून ओळखल्या गेल्या. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'ब्राह्मणकन्या' अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एवढं करूनही पैशाची चणचण सुटली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा त्यांचं वय ५३ होतं.

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने त्यांचा ज्ञानकोश इंटरनेटवर आणला आहे. त्यात शोधताना एक लक्षात ठेवा: तेव्हाचं लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचं आहे. 'गाव' टाकून काही मिळालं नाही, तर 'गांव' टाकून पाहा.