जवारी : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

सवाई गंधर्व महोत्सवात गवई सूर लावण्यापूर्वी दोन तंबोरे झंकारू लागतात. आपले लक्ष गवयाकडे असते. तंबोऱ्याकडे कोण पाहतो? पण ज्यांच्या शिष्याच्या नावे १९५३ पासून पुण्यात हा उत्सव होत आला, त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे अर्धे गाणे तंबोऱ्यातच होते.

त्यांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना भागातील संगीतज्ञ घराण्यात झाला. सारंगी, वीणा ही वाद्ये लहानपणीच हाती आली. तरुणपणी ते बडोदे दरबारी गवई झाले. तेथील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संसार जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले. १९१० साली त्यांनी बेळगावास आर्य संगीत विद्यालय काढले, १९१३ साली पुण्यात. गरीब मुले गुरूच्याच घरी राहात, जेवत. खर्च जलशांच्या मिळकतीतून भागे.

वाद्य बिघडले की खाँसाहेब स्वतः दुरुस्तीस बसत. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उताराचा असतो. तो कणाकणाने घासायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवीत नेमकी जागा शोधायची. तार माथ्याला पुसटशी चाटून थरथरली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. हीच जवारी. धागा केसभर हलला तर आवाज बोदा होतो, नाहीतर कर्कश. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर मुके राहावेत, तेही या घोडीमुळे बोलतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. खाँसाहेबांचा कान ते आधीपासून जाणत होता. म्हणूनच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना बावीस श्रुतींचे गणित मांडताना त्यांच्या गळ्याचा आधार घ्यावासा वाटला. आजचे गिटारवाले ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह बदलून आवाजाला गोलाई आणू पाहतात. खटाटोप त्याच जातीचा.

तारा जुळविणाऱ्या या माणसाचे घर मात्र विसंवादी झाले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन निघून गेल्या. काही मुलांनी आईचे माने हे आडनाव लावले. तरीही सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या गळ्यातून वडिलांचाच सूर पुण्याने ऐकला. रक्ताची नाती तुटली. स्वराचे नाते तुटले नाही.

२७ ऑक्टोबर १९३७. पाँडेचरीला जाताना वाटेत त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळविला आणि ईश्वराचे नाव गात त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. दरवर्षी तेथे गवई हजेरी लावतात.

मित्रहो, आपल्याला मैफलीतील टाळ्या दिसतात. त्याआधी धागा सरकवीत बसलेला माणूस दिसत नाही. पुढच्या वेळी गाणे सुरू होण्यापूर्वी क्षणभर नुसता तंबोरा ऐकावा. तो गंधार कानी आला, तर खाँसाहेबांची ओळख झाली असे समजावे.