स्वत्वाचा शोध : रेव्हरंड ना. वा. टिळक

अर्वाचीन मराठी काव्याच्या इतिहासात नारायण वामन टिळक यांचे धर्मांतर ही केवळ चरित्रात्मक घटना मानली जाते. वस्तुतः त्यांच्या काव्यदृष्टीचे मूळ त्या घटनेत शोधावे लागते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. बालवयातच मातृवियोग घडला. नाशिक येथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे उपजीविकेसाठी भ्रमंती करीत ते नागपूरला आले व आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य करू लागले. परंपरागत कर्मकांड आणि जातिभेद यांविषयीची त्यांची अस्वस्थता याच काळात तीव्र झाली.

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. १८९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात याच मार्गावरील प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ अंतःसंघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाचे मोल जबर होते. जातीने त्यांना दूर सारले. पत्नी लक्ष्मीबाई व पुत्र यांचा काही वर्षे वियोग घडला. लक्ष्मीबाई पुढे नगरला आल्या आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने, ख्रिस्ती झाल्या. हा सारा कालखंड त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तून मराठी वाचकांना परिचित आहे.

तथापि टिळकांचा शोध बाप्तिस्म्याने संपला नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करीत असता त्यांना उपासनेतील परकीय वळण खटकू लागले. ज्या मराठी माणसाला ख्रिस्त भेटला, त्याने आपली भाषा, भजन व कीर्तन का सोडावे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, भजने आणि 'ख्रिस्तायन' हे अपूर्ण महाकाव्य यांतून या प्रश्नाचे उत्तर आकार घेताना दिसते. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

१९१७ साली मिशनची सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली व सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तानुयायी त्यात सामावावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्याने हे कार्य अपुरे राहिले. 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सारांश, १८९५ मध्ये टिळकांनी जात सोडली. १९१७ मध्ये संस्थेची चौकट सोडली. या दोन त्यागांच्या मध्यंतरात त्यांना आपले ख्रिस्ती आणि मराठी असे एकच स्वत्व गवसले. त्यांच्या भक्तिकाव्याचे मूल्यमापन करताना या दुसऱ्या त्यागाकडेही अभ्यासकांनी तितकेच लक्ष देणे अगत्याचे आहे.